सात किलोंचा संसार

(संस्थेच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, आरोग्य, सहकार अशा मोठ्या विषयांवर जाणकारांची व्याख्याने झाली. आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. परदेशाच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाने पिशवी कशी भरावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु अलीकडे आपल्या सभासदांपैकी पुष्कळ कुटुंबे श्रीलंका, नेपाळ, थायलंड या देशांना जाऊ लागली आहेत. त्यांतील अनेकांच्या घरातील हा पहिलाच परदेश प्रवास असतो. तिकिटासाठी दोन-दोन वर्षे पैसे साठविलेले असतात. सोबत आजी असते, शाळेतली मुले असतात. एवढे करून गेलेली माणसे परत आल्यावर काय पाहिले ते कमी सांगतात आणि बॅगा कशा सांभाळल्या ते जास्त सांगतात. हे ऐकून ऐकूनच आम्ही आज बोलायचे कबूल केले.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पाचजण नऊ दिवस श्रीलंकेत होतो. आम्ही उभयता, एकोणसत्तर वर्षांच्या आई, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. जाताना आणि येताना आम्ही विमान कंपनीच्या ताब्यात एकही बॅग दिली नाही. जे काही होते ते पाचजणांच्या खांद्यावर होते. आज जे सांगणार आहोत ते त्या नऊ दिवसांच्या आणि त्याआधीच्या महिनाभराच्या तयारीच्या अनुभवावरून. श्रीलंकेऐवजी दुसरा देश असेल तर कपडे बदलतील, हिशेब बदलणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे प्रवासाला भरपूर सामान नेण्याची सवय आहे आणि हल्लीची मुले तिला हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला वाटेत पाणी कोण देईल, कोणाच्या दारात देईल, देईल की नाही, याची खात्री नव्हती. तांब्या, भाकरी, अंथरूण-पांघरूण सगळे आपले आपण न्यायचे, कारण दुसऱ्याकडे मागायची सोय नव्हती. पुढे होल्डॉल आला, लोखंडी ट्रंक आली, स्टोव्ह आणि पातेली आली. त्यालाही कारण होते. धर्मशाळेत चादर मिळत नसे आणि खानावळीचे पैसे पाचजणांसाठी परवडत नसत. सवय लागली ती गरजेपोटी. गरज सरली, सवय मात्र राहिली, एवढेच.

दुसरेही एक कारण आहे आणि ते जरा नाजूक आहे. परदेशी जायचे म्हणजे चारचौघांत कमी दिसता कामा नये, असे वाटते. रोज नवा कपडा पाहिजे, फोटोत तीच साडी दोनदा दिसू नये. ज्यांनी दोन कपड्यांवर कॉलेज काढले त्यांना असे वाटणे आम्ही समजू शकतो. त्यावर आमच्याकडे एकच उत्तर आहे. तिथे आपल्याला ओळखणारे कोणी नसते, आणि फोटो पाहणारा प्रथम तोंड पाहतो.

आता या सामानाचा खरा भार कोणावर पडतो ते पाहू. आमच्या लहानपणी, १९७० च्या दशकात, नात्यातली दोन-तीन कुटुंबे मिळून अजिंठ्याला गेली होती. दोन ट्रंका, एक होल्डॉल, पाण्याची कळशी आणि जेवणाचे डबे होते. लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचल्यावर प्रश्न आला, सामानाजवळ कोण थांबणार? कोणी चर्चा केली नाही. आई झाडाखाली ट्रंकेवर बसल्या आणि बाकीचे सगळे वर गेले. आम्ही परत आलो, जेवलो आणि गाडी गाठायची म्हणून निघालो. अजिंठ्याला जाऊन आलेल्या आमच्या आईंनी अजिंठा पाहिलेला नाही. ही गोष्ट त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितली नाही. आपणही आपल्या घरातल्या सहली आठवून पाहा. सामानाजवळ बसणारे माणूस बहुधा तेच तेच असते आणि बहुधा ते घरातली बाई असते. सामान भरणारीही तीच, राखणारीही तीच, परत आल्यावर धुणारीही तीच.

म्हणून श्रीलंकेचे ठरले तेव्हा आम्ही घरात एकच अट घातली. कोणीही सामानाजवळ थांबायचे नाही. ही अट पाळायची तर सामान असे पाहिजे की ते खांद्यावर घेऊन माणूस पायऱ्या चढू शकेल. पैशाची बचत, पट्ट्याजवळचा खोळंबा टळणे हे सगळे त्यानंतरचे फायदे.

आता हिशेब. आपल्याकडील बहुतेक विमान कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला विमानात सोबत नेण्यासाठी एक बॅग देतात आणि तिचे वजन ७ किलोंपर्यंत चालते. लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण ११५ सेंटीमीटर, म्हणजे ५५, ३५ आणि २५ अशी बॅग. त्याशिवाय बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी बहुधा चालते. कंपनीप्रमाणे फरक पडतो, म्हणून आपल्या तिकिटावर काय लिहिले आहे तेच खरे धरावे. स्वस्त तिकिटांत पुष्कळदा पोटातल्या सामानाचा, म्हणजे चेक-इन बॅगेचा, आकार धरलेलाच नसतो. तो काउंटरवर भरावा लागला तर आधी भरण्यापेक्षा महाग पडतो.

सात किलो गुणिले पाच म्हणजे पस्तीस किलो, असा सोपा गुणाकार करून मोकळे होऊ नका. सात किलो हा विमान कंपनीचा नियम झाला, आपल्या पाठीचा नव्हे. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड दप्तर नको असे म्हटले आहे. आमच्या मुलाचे वजन २८ किलो, म्हणून त्याची पिशवी पावणेतीन किलोंची. मुलीची चार किलोंची. आईंची साडेतीन. आम्हा दोघांच्या साडेसहा-साडेसहा. अर्धा किलो मुद्दाम मोकळा ठेवला, कारण काउंटरवरचा काटा आणि घरचा काटा यांचे नेहमी पटतेच असे नाही. सगळे मिळून सव्वातेवीस किलो झाले. पाच माणसे, नऊ दिवस.

वजन करण्यासाठी हुकाचा छोटा काटा मिळतो. तो नसेल तर आपल्या वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवावी, तो नाही म्हणत नाही. परंतु वजनापेक्षा आमची चाचणी निराळी होती. भरलेल्या पिशव्या घेऊन सगळ्यांनी आपल्या इमारतीचे तीन मजले चढून उतरायचे. पहिल्या चाचणीनंतर मुलीने स्वतःहून दोन ड्रेस आणि केस वाळविण्याचे यंत्र बाहेर काढले. त्यासाठी कोणाला उपदेश करावा लागला नाही.

बॅग कोणती घ्यावी? चाकांच्या बॅगेबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. पेटीला चाके लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९७२ साली दिले गेले आणि उभी ओढत नेण्याची, दांड्याची बॅग १९८७ च्या सुमारास एका वैमानिकाने तयार केली. सोय झाली यात शंका नाही. पण चाके आल्यापासून माणसाला आपले ओझे कळेनासे झाले. गुळगुळीत फरशीवर वीस किलोही फुलासारखे वाटतात. पहिली पायरी आली की खरे वजन समजते. शिवाय चाके, दांडा आणि कडक कवच यांचेच वजन अडीच-तीन किलो होते. सातातून तीन गेले, उरले काय? कापडी पाठपिशवी किलोभराच्या आत मिळते. ज्यांना पाठीचा किंवा मानेचा त्रास आहे त्यांनी चाकांची घ्यावी, मात्र तीही हलकी आणि लहान.

कपड्यांचा नियम साधा आहे. एक जोड अंगावर, दोन पिशवीत. नऊ दिवस असोत की पंधरा, आकडा हाच. रात्री धुवायचे, सकाळी घालायचे. यासाठी कपडा असा पाहिजे की पंख्याखाली रातोरात वाळेल. जीन्स वाळत नाही आणि आमच्या काट्यावर एकेक सातशे ग्रॅम भरली, म्हणून एकही घेतली नाही. टर्किश टॉवेल अर्ध्या किलोचा, ओला झाल्यावर विचारूच नका. आपला पंचा दीडशे ग्रॅमचा, तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो आणि थंडीत मानेभोवती गुंडाळता येतो. परदेशी दुकानांत प्रवासासाठी खास टॉवेल म्हणून पुष्कळ पैसे घेऊन जे विकतात, त्यापेक्षा पंचा कमी नाही.

श्रीलंकेत हवामानाची एक गंमत आहे. अनुराधपूरला घाम येतो आणि नुवारा एलियाला हुडहुडी भरते. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,८७० मीटर उंच आहे आणि जानेवारीच्या रात्री तिथे चांगलाच गारठा असतो. म्हणून प्रत्येकी एक स्वेटर लागतोच. तो विमानात अंगावर घालायचा. विमानातही थंडी असते आणि अंगावरच्या कपड्याचे वजन होत नाही. जड बूटही असेच पायात घालून जावेत.

आता थोडे तिथल्या रिवाजाविषयी, कारण त्यानेच सामान आणखी कमी होते. विहारात आणि स्तूपाजवळ खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, टोपी आणि पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. तिथले लोक पांढऱ्या कपड्यांत येतात. आपल्या घरी पांढरी सुती साडी आणि पांढरा सदरा असतोच. तो एक जोड घेतला की वेगळा 'चांगला कपडा' घेण्याची गरज राहत नाही. पांढरे मळते हे खरे, पण धुणे रोजचेच आहे. दिवसातून सहा-सात वेळा चप्पल काढावी लागते म्हणून नाडीचे बूट नकोत, पट्ट्याची सँडल बरी. आणि एक जोड जुने मोजे अवश्य घ्या. दुपारी रुवनवेलीसायाच्या अंगणातला दगड असा तापतो की अनवाणी माणसाला उभे राहता येत नाही. मोजे घातलेले चालतात. दोन जोड मोज्यांचे वजन पाऊणशे ग्रॅम, पण आमच्या पूर्ण सामानात त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नव्हते. फुले न्यावी लागत नाहीत, कमळे बाहेरच विकत मिळतात.

हातातल्या सामानात द्रव पदार्थांचा नियम मोडला तर तपासणीच्या ठिकाणी वस्तू काढून टाकावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडविण्याचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून हे निर्बंध जगभर पसरले. आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत. मोठ्या बाटलीच्या तळाशी थोडेसे उरले आहे, हे चालत नाही, बाटलीवर छापलेला आकडा पाहतात. टूथपेस्ट, बाम, मलम, तूप, जॅम, खोबरेल हे सगळे द्रवातच जमा. थंडीत खोबरेल गोठले म्हणून ते घन पदार्थ होत नाही. आम्ही शाम्पू नेलाच नाही. अंगाचा साबण, कपड्याची वडी आणि मुलांना गंमत वाटावी म्हणून दंतमंजन. साबण सुकला की त्याच्यावर कोणतेही कलम लागत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. सुके खोबरे विमानातून नेऊ नये. त्यात तेल फार असते आणि ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते, म्हणून त्यावर बंदी आहे. लाल तिखटाचा पुडा हातातल्या सामानात चालत नाही, कारण ते डोळ्यांत फेकता येते. अडकित्ता, विळी, चाकू यांविषयी सांगायला नको. काडेपेटी आणि लायटरही नाही.

मुळात खाण्याचे सामान न्यायचेच कशाला? थंड मुलुखात, जिथे आपले अन्न मिळत नाही तिथे, दोन पाकिटे सोबत असणे आम्ही समजू शकतो. पण श्रीलंकेत भात आहे, परिप्पू नावाची डाळ आहे, नारळाची झणझणीत चटणी आहे, तांदळाच्या शेवयांसारखे इडिआप्पम आहे. आईंनी पहिल्या दिवशी चटणी चाखली आणि "ही तर आपलीच, फक्त मिरची जास्त" असा निकाल दिला. आम्ही घरून फक्त अर्धा किलो चिवडा नेला होता. तो मुलांनी कोलंबो येण्यापूर्वीच संपविला.

मोबाइल चार्ज करण्याच्या पॉवर बँकेबद्दल विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. ती पोटातल्या सामानात कधीच टाकायची नाही, हातातच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते. २०,००० मिलिअँपिअर-अवर लिहिलेली नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे मर्यादेत बसते. ज्यावर काहीच छापलेले नाही अशी स्वस्तातली घेऊ नये. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणापूर्वी एका प्रवासी विमानाला आग लागली. सगळी माणसे वाचली, विमान जळाले. तपासात डोक्यावरच्या कप्प्यातील पॉवर बँकेचा संशय पुढे आला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी ती वरच्या कप्प्यात ठेवू नये, विमानात वापरू नये असे नियम केले. खिशात किंवा समोरच्या आसनाच्या कप्प्यात, डोळ्यांसमोर ठेवावी. पाच माणसांत एक पुरते. चार्जरही एक-दोनच. तिथे आपल्यासारखी तीन गोल पायांची आणि इंग्लंडसारखी तीन चौकोनी पायांची अशा दोन्ही प्रकारची भोके भिंतीत सापडतात, म्हणून एक छोटा जोड-प्लग असू द्यावा.

औषधांच्या बाबतीत काटकसर नको. जितके दिवस त्याच्या दीडपट गोळ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. गोळ्या सुट्या करून एका डबीत भरल्या तर कोणती कशाची हे परक्या देशातल्या डॉक्टरला कळणार कसे? इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते हातातच ठेवावे. पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते आणि गोठलेले इन्शुलिन निकामी होते. मासिक पाळीसाठी लागणारे सामान मुलींनी आपल्या आपल्या पिशवीत, आपल्या अंदाजाने घ्यावे. ते आईच्या पिशवीत लपवून ठेवण्याची वस्तू नव्हे.

पासपोर्ट लहान मुलालाही स्वतंत्र लागतो आणि तो प्रवासानंतर किमान सहा महिने वैध असावा. सगळे पासपोर्ट एकाच्या कमरेच्या पिशवीत ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती पिशवी गेली की सगळे कुटुंब अडकते. आम्ही दोघांत वाटून घेतले होते आणि एकमेकांच्या प्रती जवळ ठेवल्या होत्या.

कागदपत्रे अंगावेगळी करू नयेत, हे सांगताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही आणि ती इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेहून परतले तेव्हा त्यांनी जमविलेले ग्रंथ वेगळ्या जहाजाने पाठविले होते. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. ते जहाज पाणतीर लागून बुडाले आणि पोटाला चिमटा घेऊन घेतलेले ते ग्रंथ समुद्रात गेले. ग्रंथांच्या पेट्या कोणी खांद्यावर आणू शकत नाही, तेव्हा त्याला इलाज नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला इलाज आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना आमचा सात किलोंचा हिशेब लागू नाही. त्यांनी दोन-तीन वर्षांचे सामान खुशाल पोटातून न्यावे. पण मूळ गुणपत्रिका, प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र आणि लॅपटॉप यांतले काहीही त्या बॅगेत जाऊ देऊ नका.

पोटातले सामान हरविले तर काय होते तेही सांगून टाकतो. १९९९ च्या माँट्रियल कराराखाली विमान कंपनी भरपाईस बांधील असते आणि २००९ पासून भारत त्या करारात आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ही भरपाई एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. ही कमाल मर्यादा आहे, तेवढे आपोआप हातात पडते असे नव्हे. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत करावी लागते. पैसे मिळतील तेव्हा मिळतील, तोवर आईंची रक्तदाबाची गोळी कुठून आणायची?

हातातली बॅगही कधी कधी हातात राहत नाही, हेही ध्यानात असू द्या. विमान भरलेले असेल तर दाराशी कर्मचारी ती मागून घेतात आणि पोटात टाकतात. अशा वेळी घाई असते. म्हणून बॅगेच्या अगदी वर एक घडीची कापडी पिशवी ठेवावी आणि तिच्यात औषधे, कागद, पॉवर बँक, चष्मा. बॅग द्यायची वेळ आली की ती पिशवी काढून घ्यायची आणि बॅग देऊन टाकायची. परतताना मुंबईच्या विमानात आमच्यावर ही वेळ आली आणि अर्ध्या मिनिटात काम झाले.

आता या सगळ्याचा उपयोग काय झाला ते सांगतो. तिथल्या तीनचाकी रिक्षेत मागे तीन माणसे बसतात. मोठ्या दोन बॅगा असल्या की दोनच बसतात आणि दुसरी रिक्षा करावी लागते. आम्ही पाचजण दोन रिक्षांत नऊ दिवस फिरलो. खाजगी बसमध्ये सामानाला जागा जवळजवळ नसते. पिशवी मांडीवर घेऊन बसलो. कँडीहून एल्लाला जाणारी डोंगरातली रेल्वे तर इतकी गच्च होती की मोठ्या बॅगा घेतलेली काही परदेशी कुटुंबे फलाटावरच राहिली. (२०२५ च्या नोव्हेंबरातील चक्रीवादळाने त्या डोंगरी मार्गाची मोठी हानी झाली. जाणाऱ्यांनी गाडी कुठपर्यंत चालते याची आधी चौकशी करावी.)

अनुराधपूरहून कँडीकडे निघालो त्या दिवशी वाटेत मिहिंतले केले. खोली सोडलेली होती, म्हणजे सगळे सामान सोबत. एरवी अशा ठिकाणी आपला तोच जुना प्रश्न येतो. मिहिंतलेला खालपासून १,८४० पायऱ्या आहेत. निम्म्या वाटेपर्यंत गाडी जाते, तिथून पुढे चढावे लागते. आईंनी आपली पिशवी मुलीकडे देऊ केली नाही. आम्ही मागितली तरी दिली नाही. दर तीस-चाळीस पायऱ्यांनी थांबत, पंचाने तोंड पुसत त्या वर आल्या. महिंद थेर आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट झाली असे मानतात, त्या अंबस्थल स्तूपाजवळ त्या बराच वेळ बसल्या. पिशवी शेजारी होती. मग म्हणाल्या, "बाकीचे अजून वर गेलेत ना? चला, मलाही बघायचंय." लोखंडी कठड्याचा तो खडक चढणे त्यांच्या गुडघ्यांना झेपण्यासारखे नव्हते, तरी निम्मा चढल्या.

बायकांच्या बाजूने आणखी एक फरक पडला तो घरात. प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरली, रात्री आपला कपडा आपण धुतला. नऊ वर्षांच्या मुलाने धुतलेला सदरा कसा असतो याची कल्पना तुम्ही करू शकता. पण त्याचा मोजा कुठे आहे हे नऊ दिवसांत कोणी त्याच्या आईला विचारले नाही. परत आल्यावर धुण्याचा डोंगरही नव्हता, पाचजणांचे मिळून एक बादलीभर निघाले.

परतीच्या सामानाबद्दल एवढेच की जागा आधीच राखून ठेवावी लागते. तिथला चहा सगळ्यांना आणावासा वाटतो. आम्ही दोन किलो आणला, शंभर-शंभर ग्रॅमच्या पाकिटांत, सगळ्यांच्या पिशव्यांत वाटून. जुने मोजे आणि झिजलेली सँडल तिथेच टाकून दिली. कटुनायकेच्या विमानतळावर आमच्या बॅगांचे वजन झाले तेव्हा सगळ्यात जड निघाली सहा किलो आठशे ग्रॅम.

येत्या पौर्णिमेनंतर संस्थेच्या सहलीची नावनोंदणी सुरू होणार आहे, असे अध्यक्षांनी मघाशी सांगितले. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांच्यासाठी आमची पाठपिशवी भरलेली अशीच या टेबलावर ठेवली आहे. उघडून पाहावी, उचलून पाहावी. हुकाचा काटाही आणला आहे. कोणी आपली बॅग सोबत आणली असेल तर रिकामीच आधी काट्याला लावून बघा.  ज्येष्ठ मंडळींनी प्रश्न आधी विचारावेत.